पासवर्डवाल्याचं स्थळ

पासवर्ड विसरलेला माणूस 'मी विसरलो' असं कधीच म्हणत नाही. 'कॉम्प्युटर घेईना' म्हणतो! दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं नारायणगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तेवढ्या काळात असे इतके जण भेटले की किस्से कधी साठले ते कळलंच नाही.

युक्ती साधी होती. मशीन चालू होताना एफ-एट दाबायचं, काळी स्क्रीन आणायची, 'नेट युजर' टाइप करून खात्याचं नाव आणि नवा पासवर्ड द्यायचा. बस्स! जुना पासवर्ड कोणी विचारतही नाही. या विद्येनं माझं नाव झालं, आणि त्याच नावापायी लग्न अडलं. 'पोरगा कुणाचंबी कुलूप उघडतो' एवढंच मुलीकडच्यांच्या कानावर जायचं. दोन स्थळं अशीच गेली. मला वाईट वाटायचं, आईला तर फारच.

*

पिंपळवंडीच्या एका बागायतदारांनी पासवर्ड भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवला होता. मुलीच्या लग्नात घर रंगवलं आणि पासवर्ड रंगाखाली गेला. दुकानात आले ते मोटरसायकलवर मागे रंगारी, रंगाऱ्याच्या मांडीवर सीपीयू.

मी म्हटलं, "यांना कशाला आणलंत?"

"शेवटचं ह्यानंच वाचलंय ना भाऊ! इचारा त्याला."

*

मंचरला एक कापडदुकानवाले शेठजी होते. नवा पासवर्ड घालून दिला की दोन दिवसांत अख्ख्या बाजारपेठेला माहीत! शेवटी म्हणाले, "असं करा, तुम्हीच टाका आणि मला सांगू नका. माझ्या पोटात काही राहत नाही."

मग काय! महिनाभर रोज सकाळी दहाला माझी स्कूटर मंचरला. मी पासवर्ड टाकायचो आणि शेठजी स्वतःच्याच दुकानात भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे.

*

लेण्याद्रीच्या वाटेवरच्या एका शाळेत क्लार्कबाई रजेवर माहेरी गेल्या. दहावीचे फॉर्म कॉम्प्युटरमध्ये अडकले. हेडमास्तरांनी फोन केला, तर बाई पासवर्ड सांगेनात. शेवटी मला बोलावलं आणि फॉर्म निघाले. बाई परत आल्यावर मास्तरांनी त्यांना माझ्यासमोरच झापलं.

बाई म्हणाल्या, "अवो सर, आमच्या मालकांचं नाव व्हतं ते! असं कसं घेणार फोनवर?"

"मग उखाण्यात घ्यायचं!"

"घेतलं की! तुमी 'वा वा' म्हणालात आन् फोन ठेवून दिलात."

*

घोडेगावचे एक पाहुणे आपल्या मुलीसाठी माझी चौकशी करायला गिऱ्हाईक बनून आले. पासवर्ड विसरलो म्हणाले. मी पाच मिनिटांत उघडून दिलं, वर चहाही पाजला. बाहेर जाऊन आमच्या मध्यस्थाला म्हणाले, "पोरगा लई हुशार हाय राव. म्हणूनच नको!"

तिसरं स्थळही गेलं.

*

चौथं पिंपरी पेंढारचं. मी, आई आणि मध्यस्थ असे तिघं गेलो. पोहे झाले. मुलगी ट्रे ठेवून बाजूला उभी राहिली. तेवढ्यात तिचे मामा म्हणाले, "पावणं आलेच हायत, तर आमचा तेवढा कॉम्प्युटर बघा. पासवर्ड घेईना झालाय."

आई माझ्या कानात पुटपुटली, "येत नाही म्हणून सांग!"

पण हात शिवशिवतातच ना. बसलो. खात्याचं नाव होतं 'आमचं घर', इंग्रजी अक्षरांत, दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडून. नेट युजर, नाव, पासवर्ड, एंटर. स्क्रीनवर चुकलं म्हणून इंग्रजीत भलीमोठी यादी आली. परत टाकलं, परत यादी. तिसऱ्यांदाही तेच! इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सगळं घर मागे उभं आणि माझ्या कपाळावर घाम.

आईचा चेहरा मात्र खुलला. "बघा! नाहीच येत हो त्याला!" असं तिनं अभिमानानं सगळ्यांना सांगितलं.

मामांना माझी दया आली असावी. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ते. पोरी, तुला मुलाला काय इचारायचं आसंल तर इचार."

मुलगी दोन पावलं पुढे आली. माझ्याकडे नाही, स्क्रीनकडे बघत म्हणाली, "इचारायचं काय नाय. नावात स्पेस हाय, म्हणून घेईना. नावाच्या आधी-मागं डबल कोट द्या."