कपाटातले निळे हातमोजे

आमच्या दवाखान्याच्या स्टोअरमधल्या कपाटाला कुलूप आहे आणि आत हातमोजे आहेत, हे मला तीन वर्षं माहीत होतं. जाड, निळे, कोपरापर्यंतचे. विषबाधेच्या पेशंटला हात लावताना घालायचे म्हणून आलेले. मागितले की स्टोअर सांभाळणारा बाबू म्हणायचा, "पाकीट फोडलं तर तपासणीले काय दाखवू?" मग आम्ही पातळ पांढरे हातमोजेच धुऊन, गाडीच्या आरशाला लटकवून पुन्हा वापरायचो. तेही संपायचे. या सगळ्याचा मला आजही संताप येतो, आणि त्याहून जास्त मी गप्प बसलो याचा.

मी अॅम्ब्युलन्सवर पेशंट सांभाळतो. गाडी चालवणारा माझ्याहून मोठा, त्याला मी दादा म्हणतो. कपाशीवर फवारणीचे दिवस होते. भर दुपारी रामाकोना गावाकडच्या एका शेतातून फोन आला, फवारणारा मजूर कोसळला होता. चिखलातून स्ट्रेचर जाईना. अशा वेळी आमची एकच रीत, दादाने पेशंटला पाठीवर घ्यायचं. मजुराचा पंप गळका होता. त्याचा सदरा औषधाने चिंब झालेला, तो तसाच दादाच्या पाठीला चिकटला.

गाडीत मी सदरा कापायला घेतला तर मजुराच्या बायकोने माझा हात धरला. "अंग गार पडून राहिलं त्याचं भाऊ, उघडा नका करू." तिने वर गोधडीही टाकली होती. मी ऐकलं नाही, दोन्ही काढून बाहेर फेकलं, पण वास काही जाईना. पाहतो तर तिच्या पदरात औषधाची बाटली बांधलेली, बूच नसलेली, सगळा पदर ओला.

"डाक्टरले दाखवाले आणली," ती म्हणाली. तिचं काय चुकलं? बाटली आणा एवढंच तिला कोणीतरी सांगितलं होतं, कशी आणायची ते नाही. मी बाटली पिशवीत बांधली, तिला हात धुवायला लावले, खिडक्या उघडल्या. दादाची पाठ मात्र माझ्या लक्षातच आली नाही.

दवाखान्यासाठी सौंसरच्या रस्त्याला लागलो आणि गाडी हळू झाली. "भाऊ, समोर धुकं दिसून राहिलं मले." रणरणतं ऊन होतं, धुकं कुठलं! मी ओरडलो, गाडी थांबव. शेजारच्या संत्र्याच्या बागेतला मालक पाइप घेऊन धावत आला. दादाचा शर्ट फाडून काढला, त्याला धू धू धुतलं. तो ओकत होता. गाडी बागवाल्याने चालवली, आणि मागे मी दोघांना सांभाळत बसलो. दोघंही वाचले.

आठवड्याने दादाला वरच्या साहेबांची नोटीस आली. संरक्षक साहित्य उपलब्ध असताना का वापरलं नाही, लेखी उत्तर द्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाबूच्या हातून किल्ली हिसकावली, कपाट उघडलं, पाकीट फोडलं. टिनाच्या छपराखाली तीन उन्हाळे काढलेले ते हातमोजे एकमेकांना चिकटले होते. ओढले तर हातातच फाटले.

"आता तपासणीले काय दाखवू?" बाबू म्हणाला.

दादाचे हात अजून थरथरत होते, म्हणून उत्तर मी लिहिलं. साहित्य सोबत जोडलं आहे, साहेबांनी एकदा घालून पाहावं. फाटका हातमोजा कागदाला टाचला आणि सहीसाठी दादापुढे धरला. सही करायला त्याला बराच वेळ लागला.