गोलमधली जागा

सिदू मेंढरांमागं वाढलेला. हात असे लांब, की गावात थट्टा व्हायची. पण वडवणीकडच्या साखर कारखान्याचे चेअरमन अर्जुनराव हैदराबादेत शिकताना फुटबॉलचं वेड घेऊन आले होते. त्यांनी कारखान्याची टीम काढली आणि त्याच हातांसाठी सिदूला पगारावर ठेवलं. नावाला तो ऊस गव्हाणीत टाकणारा मजूर, खरं काम गोल राखायचं. बरीच वर्षं त्याच्या जागेकडं कुणी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही.

मग तेलगावचा राधाकिशन आला. बागायतदाराचा पोरगा, कॉलेजात खेळलेला. एका हंगामात तो गोलमध्ये उभा राहिला आणि सिदू मैदानाबाहेर बाकड्यावर. राधाकिशननं चेंडू अडवला की लोक टाळ्या वाजवीत, सिदू मान फिरवी. त्यात तो माणूस चांगला. सिदूला दादा म्हणायचा, घरी आला की सिदूच्या बायकोच्या, मनकर्णेच्या हातची भाकरी मागून खायचा. एकदा मनकर्णेनं त्याचं कौतुक केलं, तर सिदू भरल्या ताटावरून उठला.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. कपिलधारचा धबधबासुद्धा आटलेला. तिथं जाऊन सिदूनं देवाला एवढंच मागितलं, की मला एकदा खेळू दे. थोड्याच दिवसांत राधाकिशन मोटारसायकलवरून पडला, मनगट मोडलं. सिदू हळहळला, त्या दिवशी जेवला मात्र पोटभर.

शेतातला ऊस वाळत होता, गाळप लवकर बंद पडलं. टीम मोडा, असा डायरेक्टरांनी धोशा लावला. औरंगाबादचा कप आणलात तर मी टीम राखतो, असं अर्जुनरावांनी सांगितलं. फायनल शेवटापर्यंत बरोबरीत राहिली आणि अगदी अखेरीस समोरच्यांना पेनल्टी मिळाली. गोलच्या मागं राधाकिशन मोडका हात गळ्यात बांधून उभा होता. तो हळूच म्हणाला, "दादा, डावीकडं. तो डावीकडंच मारतो."

सिदूलाही तसंच वाटत होतं. पण आता चेंडू अडवला तर त्यातला अर्धा राधाकिशनचा. त्यानं उजवीकडं झेप घेतली. चेंडू डावीकडून जाळीत गेला.

टीम मोडली. अर्जुनरावांनी विचारलं तेव्हा राधाकिशननं सांगितलं, की चेंडू लई जोरात होता, दादाला दिसलाच न्हाई. ते ऐकून सिदूला वाटलं, याच्यापेक्षा यानं चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर बरं.

मनगट जुळल्यावर राधाकिशनला पुण्याच्या एका क्लबानं घेतलं. सिदू मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेला. तिथं राधाकिशन त्याला शोधत आला. क्लबातल्या पोरांना गोलकीपिंग शिकवायला माणूस हवा होता.

"मी तुमचं नाव सांगितलंय. चला, दादा."

"तुझ्या सांगण्यावर ठेवणार मला?"

"व्हय."

"मग न्हाई."

तो गेल्यावर मनकर्णेनं विचारलं, "कावून न्हाई म्हणालात? माणूस तर चांगला हाय."

"म्हणूनच," सिदू म्हणाला, आणि कळपाकडं चालू लागला.