टीम जिंकेपर्यंत देव पाण्यात

माझ्या बाबांची टीम हरते. आमच्या बाथरूमचा नळ गळतो, हे मी ज्या सुरात सांगते त्याच सुरात हेही सांगते.

बाबा मरीन इंजिनियर. एकदा त्यांचं जहाज इंजिन बिघडून अमेरिकेतल्या एका बंदरात अडकलं, आणि वेळ जाईना म्हणून ते बेसबॉल बघायला गेले. तिथली टीम सपाटून हरली. झालं, बाबा तिचे झाले. जिंकणाऱ्यांवर काय, कोणीही प्रेम करेल म्हणे! रिटायर झाल्यावर आई-बाबा माझ्याकडे परदेशी, चोआ चू कांगच्या फ्लॅटवर राहायला आले, तेव्हा ही टीमही घरात आली. तिथली संध्याकाळची मॅच इथे सकाळी लागते. त्यामुळे हार्बरफ्रंटच्या ऑफिसला निघायच्या आधी पोह्यांबरोबर एक पराभव गिळायची मला सवय झाली.

मग टीमच्या मालकाने चांगले खेळाडू एकेक करून विकून टाकले. चेंडू फेकणारा आमचा लाडका पिचरसुद्धा गेला. टीव्हीवर मालक गोड हसून म्हणाला, हे रीबिल्डिंग आहे, टीम नव्याने बांधतोय, चार-पाच वर्षं धीर धरा. माझं डोकंच फिरलं.

"चार-पाच वर्षं? बोलायला ह्याचं काय जातंय!"

"ओरडू नकोस," बाबा म्हणाले. "इंजिन उघडायचं तर पूर्ण उघडावं लागतं. वरवर ठाकठीक करून जहाज समुद्रात नेलं की काय होतं, ते मी बघितलंय. बरोबर करतायत ते."

त्यानंतर काही दिवसांतच बाबांच्या हृदयाने दगा दिला. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये डॉक्टरीणबाईंनी मला आणि आईला बाजूला घेतलं. वर्षांची भाषा आता करू नका, म्हणाल्या. बाबांना ह्यातलं काही सांगायचं नाही, असं आईने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

घरी आल्यावर तिने देव पाण्यात ठेवले. देव्हाऱ्यातला पितळेचा गणपती आणि बाळकृष्ण उचलून पाण्याने भरलेल्या पातेल्यात. मागणं पूर्ण होईपर्यंत बाहेर काढायचे नाहीत. बाबांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही.

"हे काय नवीन?" त्यांनी विचारलं.

आई गडबडली. "तुमच्या त्या टीमसाठी," ती म्हणाली. "जिंकू देत एकदाचे मेले."

बाबा पोट धरून हसले. "अगं, शेवटचा नंबर आला की चांगली नवी पोरं आधी निवडायला मिळतात. मालकालाच हरायचंय. तुझे देव बिचारे काय करणार?"

"बसू देत पाण्यात. इथल्या उकाड्यात बरंच आहे त्यांना," असं म्हणून आई ओट्याकडे वळली. तिने उगाचच नळ सोडला आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली.

टीम हरत राहिली. नवा पिचर म्हणजे कोवळं पोर, चेंडू कुठेही फेकायचा. बाबा म्हणायचे, "ह्याचा हात बघ. तीन वर्षांनी हा काय करेल ते बघ." तीन वर्षांनी! मी पोहे चिवडत बसायचे. बाबांच्या पायांवर सूज चढत होती, सोफ्यावरून उठताना त्यांना धाप लागत होती, आणि कुठला कोण मालक आम्हाला धीर धरायला सांगत होता. कुठून आणायचा? मला त्या पोराचा राग यायचा. त्याच्याकडे वेळच वेळ होता. आई रोज पातेल्यात ताजं पाणी घालायची.

मग एका सकाळी ते जिंकले. त्याच पोराने शेवटच्या फलंदाजाला चकवलं. मी किंचाळलेच. बाबांनी टाळ्या वाजवल्या, दम लागला तरी वाजवल्या. मी मागे वळले तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी, तोंड पांढरंफटक. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टीम जिंकली होती. आता देव बाहेर काढले नाहीत तर तिची थाप उघडी पडणार होती.

"ऐकलं बाई देवांनी," असं म्हणत ती देव्हाऱ्यापाशी गेली. पदराला हात पुसले. परत पुसले. पातेल्यात हात काही घालवेना.

"राहू दे," बाबा म्हणाले.

"अहो, पण जिंकले ना तुमचे..."

टीव्हीवर जल्लोष चालला होता. बाबांनी तो बंद केला. आमच्याकडे न बघता रिमोट हातातल्या हातात फिरवत राहिले.

"नको काढूस गं," ते म्हणाले. "मला अजून थोडं बघायचंय."