अंझिरत ओपाचा तळवा

मर्गिलान शहरातल्या एका महल्ल्यात अंझिरत ओपा, म्हणजे अंझिरतताई, पहिल्यांदा डोळ्यांत भरली ती एका पाळण्याच्या जेवणात. यजमानीण पुलावाचा घास हाताने वळून एकेका पाहुणीच्या तोंडात भरवत होती. असा घास मिळणं हा मान. ओपाची पाळी आली तशी तिने ओठ घट्ट मिटले, मान मागे घेतली आणि पिशवीतून रुमालात गुंडाळलेला स्वतःचा चमचा काढला.

"पोट बरं नाही माझं," ती म्हणाली.

पोट उत्तम होतं. यजमानिणीच्या मनगटापर्यंत ओघळलेली चरबी तिला बघवली नव्हती.

ओपाला कशाचीही किळस यायची. दुसऱ्याच्या पेल्यातला चहा, माशी बसलेली नान, जिभेखाली हिरवी तंबाखू धरून बोलणारे पुरुष. बायका तिला पाठीमागे 'नाक' म्हणत. पण थोरल्या बहिणीला साखरेच्या आजारात पायाची जखम झाली, तेव्हा पट्ट्या बदलल्या त्या याच नाकाने. पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि त्या हिवाळ्यात बहीण गेली. त्या जखमेचा वास मात्र ओपाकडेच राहिला. कांदा चिरताना, गादी झटकताना, मध्येच यायचा.

म्हणून स्वतःच्या रक्तातही साखर निघाली तेव्हा ती घरी येऊन आधी डोक्यावरून न्हाली. "शी! माझ्या अंगाचा उकिरडा झाला," सुनेला, मावजुदाला ती म्हणाली. त्याच दिवशी खडीसाखर आणि मुरंबे शेजारी गेले. गोळ्या वेळेवर, नान अर्ध्यावर, बोट टोचून साखर बघणं, सगळं ती तोंड वाकडं करत का होईना, करू लागली.

एकच गोष्ट करेना. दवाखान्यात शोइरा नावाची परिचारिका दर मंगळवारी या रोग्यांचा वर्ग घ्यायची; सगळे त्याला साखरेची शाळा म्हणत. शोइरा बजावायची, "या आजारात तळव्याला कळेनासं होतं. मग त्याच्या वतीने डोळ्यांनी बघायचं. रोज!" ओपा मान डोलवायची आणि बघायची नाही. पहाटे नमाजाआधी ती पायांवर चंबूभर पाणी ओतायची, वर महसी, म्हणजे मऊ चामड्याचे बूट, चढवायची. दिवसभराच्या पुढच्या नमाजांना महसीवरून ओला हात फिरवला की भागतं. तळवा काय बघायचा? जमिनीची घाण तुडवणारा तो!

महल्ल्यातल्या बायका तिच्याकडे घेवड्याचे दाणे टाकून भविष्य बघून घ्यायला येत. एकेचाळीस दाणे, तीन ओळी: डोक्याची, काळजाची, पायांची. त्या आठवड्यात एक दाणा सापडेना.

"मावजुदा, तुझ्या झाडूने नेला!"

"ओयी, मी काय शिजवून खाल्ला तुमचा दाणा?" मावजुदा सासूला ओयी, म्हणजे आई, म्हणायची.

शेवटी स्वयंपाकघरातल्या बरणीतला एक घालून ओपाने स्वतःसाठी दाणे मांडले. पायांच्या ओळीत शुभ आलं. तिला बरं वाटलं.

पुढच्या मंगळवारी शोइराने वाकता न येणाऱ्यांच्या जोड्या लावल्या. एकाने दुसऱ्याचे तळवे बघायचे. नाकाच्या धाकाने ओपाशेजारी बसायला एकही बाई तयार होईना. उरला तुरगुन अका, म्हणजे तुरगुनदादा, खरबुजं विकणारा म्हातारा. त्याने जिभेखालची तंबाखू डबीत थुंकली, हात विजारीला पुसले आणि तिच्यासमोर बसला.

"शोइरा, अगं, हे काय?" ओपाने पाय मागे ओढून घेतले. "या थुंकणाऱ्या माणसापुढे पाय काढू मी?"

"हात साबणाने धुवा, अका," शोइरा म्हणाली. "आणि ओपा, तुम्ही महसी काढा."

हात धुऊन अका परत बसला. "लाजू नका, ओपा. आयुष्यभर खरबुजं उलटी करून बघत आलो. वरून सगळी देखणीच असतात."

उजवी महसी निघाली आणि तो वास आला. बहिणीच्या खोलीतला. ओपाने सवयीने रुमाल नाकाला लावला, मान वळवली. वास पाठोपाठ आला. या वेळी तो आठवणीतला नव्हता.

"दुखत नाही तुम्हाला?" अकाचा आवाज उतरला होता.

"काय दुखायचं?"

अंगठ्याखालच्या मांसात काहीतरी रुतून बसलं होतं, भोवती पिवळा पू. शोइराने धावत येऊन ते चिमट्याने काढलं आणि ताटलीत टाकलं. घेवड्याचा दाणा. फुगलेला, मऊ, ओपाचाच.

"मी यावरून चालत होते?" तिने ताटलीकडे बघत विचारलं. मग ती एकदम ओरडली, "अका, हात लावू नका! घाण आहे ती!"

"शेणखतावरची खरबुजं विकतो मी, ओपा. मला घाण नका शिकवू."

डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं उशिरा आला असतात तर बोट ठेवता आलं नसतं. मग रोज पट्टी. शोइरा आरसा देऊन गेली आणि म्हणाली, "तुम्हीच करायची." पहिल्या दिवशी ओपा पट्टी अर्धवट सोडून मोरीत जाऊन ओकली. मावजुदा म्हणाली, "ओयी, मी करते."

"नको. तू केलीस तर मी बघणारच नाही, रोज बरी आहे असंच सांगेन."

तोंड धुऊन ती परत आरशापुढे बसली. जखम भरायला वसंत उजाडला. शेजारीण मेंढीच्या चरबीचा लेप घेऊन आली तेव्हा ओपाने तिला दारातूनच हाकललं.

आज ओपाचे दोन्ही पाय शाबूत आहेत. महसी घालण्याआधी ती उलटी करून दगडावर आपटते. दर मंगळवारी ती तुरगुन अकाचे भेगाळलेले तळवे तपासते, डाव्या हाताने नाकाला रुमाल लावून.