जहाजावरची बाटली आणि केबिनचं दार

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी खुनाचे आणि दरोड्याचे बरेच गुन्हे तपासले. त्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळतात. पण ज्या गुन्ह्यात कुणाला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं, तो एक मला तक्रारीच्या पहिल्या ओळीपासून लख्ख आठवतो.

तेव्हा मी म्हैसूर शहरातल्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी संपली होती, रात्रपाळीचे लोक चार्ज देऊन घरी निघाले होते. पन्नाशीच्या एक बाई आत आल्या आणि बसायला सांगितलं तरी उभ्याच राहिल्या. माझ्या छातीवरच्या पट्टीवरलं नाव त्यांनी वाचलं आणि मराठीत विचारलं, "सार, तुम्ही आमच्यातले, अल्वा?"

आमचं घराणं जुन्या म्हैसूर लष्करातल्या शिपायांचं. घरात मराठी, पण दर दुसरा शब्द कानडी, बाईंच्या त्या 'अल्वा'सारखा, म्हणजे 'हो ना?'. बाई शिंपी समाजातल्या, विठ्ठलाच्या भक्त मंडळींपैकी. समाजाच्या सभागृहात त्या मुलींना शिवणकाम शिकवत. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. दिराच्या कुटुंबात राहत होत्या.

त्यांनी फोन माझ्यापुढे ठेवला. पडद्यावर एक फोटो होता. पांढऱ्या चादरीचा पलंग, उशीशेजारी बाईंची ओळखीची निळी शाल, आणि शालीवर आडवी ठेवलेली व्हिस्कीची बाटली. खाली कानडीत एक ओळ होती, 'आपल्या मुलींना शिकवणाऱ्या बाई जहाजावर काय करतात ते बघा.'

समाजातल्या तीसेक लोकांची सहल मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाने चार रात्री समुद्रावर जाऊन आली होती. परतल्यावर आठवड्याभरात हा फोटो समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. दोन दिवसांत वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुली यायच्या बंद झाल्या. दिरानं जेवताना बोलणं सोडलं. मंडळीच्या, म्हणजे समाजाच्या संस्थेच्या, कार्यकारिणीनं सभा बोलावली होती आणि सभेत एकच विषय होता, सभागृहातला वर्ग बंद करणे.

मी सवयीनं पहिला प्रश्न विचारला, "अक्का, बाटली तुमची होती का?"

बाईंनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "ते मी सांगणार नाही."

"खरं सांगितलंत तर मला मदत करता येईल."

"सार, मी पिते की नाही हे विचारायला सगळं गाव आहे. मी तुमच्याकडे वेगळं विचारायला आले. ती खोली माझी होती. दार मी लावून गेले होते. आत कोण आलं?"

मग त्या बसल्या आणि सावकाश सांगू लागल्या. सहलीत बायकांची संख्या विषम निघाली, म्हणून सगळ्यात लहान केबिन त्यांना एकटीला मिळाली. माहेरी पाच बहिणी एका खोलीत. सासरी लग्न झाल्यापासून स्वयंपाकघराशेजारची आडोशाची जागा. "दाराला आतून कडी लावून झोपायचं, हे मला पन्नासाव्या वर्षी मिळालं. चार रात्री. पहिल्या रात्री मी सुम्ने बसून होते. नुसती बसून. कुणी हाक मारत नव्हतं." एवढं बोलून त्यांनी फोन उलटा करून ठेवला. "आता डोळे मिटले की त्या खोलीत कुणीतरी उभं दिसतं."

आमच्या ठाण्यातल्या महिला हेड कॉन्स्टेबलनं त्यांचा जबाब लिहून घेतला. वरिष्ठांना मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "बदनामीचा मामला आहे, खासगी फिर्याद करायला सांगा. आणि समुद्रातल्या जहाजाशी म्हैसूर पोलिसांचा काय संबंध?" त्यांचं चुकत होतं असं नाही. ठाण्यात मारामाऱ्या, चोऱ्या, दसऱ्याचा बंदोबस्त, कामाला तोटा नव्हता. पण बाईंचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. दंड संहितेचं पुस्तक काढून मी गृह-अतिक्रमणाची व्याख्या पुन्हा वाचली. इतकी वर्षं तेच कलम लावत होतो, पण त्यात घराबरोबर तंबू आणि माणूस राहतो ते जहाजही मोडतं, हे लक्ष देऊन कधी वाचलंच नव्हतं. पुस्तक घेऊन सरकारी वकिलांकडे गेलो. फोटो म्हैसुरात पसरला, नुकसान म्हैसुरात झालं, सुरुवात इथूनच करा, असं त्यांनी सांगितलं. मी गुन्हा नोंदवला.

फोटो ज्या नंबरवरून आला तो एका बांधकाम मजुराच्या नावावर निघाला. त्याची कागदपत्रं कुणीतरी परस्पर वापरली होती, त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. धागा तिथेच तुटला. सहलीला गेलेल्यांचे जबाब घेतले. सगळ्यांनी एकच सांगितलं, आम्ही काही पाहिलं नाही. समाज लहान असला की माणसं पोलिसांपेक्षा एकमेकांना जास्त घाबरतात.

पहिली वाट दाखवली ती बाईंनीच. हेड कॉन्स्टेबल फोटो मोठा करून बघत होती. पलंगाच्या पायथ्याशी टॉवेलची घडी घालून केलेला हत्ती होता. तिनं बाईंना विचारलं, हे काय?

"संध्याकाळी खोली आवरणारे करून ठेवायचे. पहिल्या दिवशी ससा, मग बदक, मग माकड. हत्ती शेवटच्या दिवशी." बाई थबकल्या. "म्हणजे हा फोटो शेवटच्या संध्याकाळचा. मी जेवायला वर गेले होते तेव्हाचा."

दुसरी खबर दोन दिवसांनी आली. ठाण्याच्या फोनवर एक म्हातारा आवाज, नाव सांगायला तयार नव्हता. म्हणाला, "मुंबईच्या धक्क्यावर सामान मशीनमधून जात होतं. आमच्यातल्या एकाच्या बॅगेत बाटली सापडली आणि तिथल्या लोकांनी काढून घेतली. कुणाच्या बॅगेत ते सहलप्रमुखांना विचारा." आणि फोन ठेवला.

सहलप्रमुख म्हणजे मंडळीचे कार्यवाह. कापडाचे व्यापारी, साठीच्या घरातले, बोलण्यात मऊ. चौकशी केली तेव्हा कळलं, सभागृहाची जागा त्यांना भाच्याच्या तयार कपड्यांच्या दुकानासाठी हवी होती आणि बाईंनी कार्यकारिणीपुढे दोनदा विरोध केला होता. संशयाला एवढं पुरे होतं. कोर्टाला हे पुरलं नसतं.

मी जहाज कंपनीला नोटीस पाठवली. उत्तर आलं, प्रवाशांच्या केबिनविषयीची माहिती आम्ही बाहेर देत नाही. मी चिडलो. बाईंना ते पत्र दाखवलं तर त्या म्हणाल्या, "बरोबरच आहे की त्यांचं. माझ्या खोलीची माहिती कुणीही मागितली आणि त्यांनी दिली, तर मला चालेल का?" मग थोडा विचार करून म्हणाल्या, "पण माझ्या दाराची माहिती मी मागितली तर?"

हे मला सुचायला हवं होतं. बाईंचं संमतीपत्र जोडून मी फक्त त्यांच्या केबिनच्या कुलपाची नोंद, म्हणजे ते कधी आणि कोणत्या कार्डानं उघडलं ते, मागितली. आणि दुसऱ्या कागदावर, धक्क्यावर काढून घेतलेल्या दारूच्या नोंदवहीतलं त्या सहलीचं पान. इतर कुणाच्या खोलीबद्दल एक शब्द विचारला नाही. उत्तर यायला पाच आठवडे लागले. तोवर मंडळीची सभा होऊन वर्ग बंद झाला होता. बाई आठवड्यातून एकदा ठाण्यात येत, बाकावर बसत आणि "अजून नाही?" एवढंच विचारून जात.

उत्तराचं पाकीट आलं त्याच दिवशी मी सहलप्रमुखांना बोलावलं. खुर्ची दिली, कॉफी मागवली. माझा अनुभव असा, की प्रतिष्ठित माणसाला दरडावलं की तो वकिलामागे लपतो. त्याला माहीत असलेल्या विषयावर बोलू दिलं की तो थांबत नाही.

"जहाजावर दारूचे नियम कसे असतात हो?" मी विचारलं. "आम्हाला इथे काही कल्पना नाही."

ते खुलले. बाहेरची दारू आत नेता येत नाही, सापडली तर काढून घेतात, गळ्याला खोलीच्या नंबराची चिठ्ठी बांधून ठेवतात, शेवटच्या संध्याकाळी सही घेऊन परत देतात. "फार शिस्त आहे, सार. सही केल्याशिवाय कुणाच्या हातात देत नाहीत."

"तुमच्यातल्या कुणाची घेतली होती?"

"छे. आमची देवाची माणसं."

मी फोटोची मोठी केलेली प्रत त्यांच्यापुढे ठेवली. बाटलीच्या गळ्याला सुतळीचा तुकडा आणि फाटक्या चिठ्ठीचा कोपरा दिसत होता. त्याशेजारी नोंदवहीचं पान ठेवलं. तीच कंपनी, तोच आकार, आणि परत घेतल्याची त्यांची सही.

त्यांनी ते पान माझ्याकडे परत ढकललं. "ती जावयासाठी भेट होती. मी स्वतः घेत नाही."

"घेता की नाही हे मी विचारलं नाही." हे वाक्य माझ्या तोंडून गेलं तेव्हा मलाच जाणवलं, की ते मी बाईंकडून शिकलो. "त्या केबिनचं दार कसं उघडलं?"

मी तिसरा कागद पुढे सरकवला. त्या संध्याकाळी बाई वर जेवत असताना त्यांचं दार एका जादा कार्डानं उघडलं गेलं होतं. ते कार्ड रिसेप्शनवरून सहलप्रमुख म्हणून कुणी घेतलं, तेही त्यात होतं.

त्यांनी तो कागद दोनदा वाचला. कॉफीवर साय धरली.

"एकटी बाई," शेवटी ते म्हणाले. "सगळ्या सहलीची जबाबदारी माझ्यावर. तिच्या खोलीवर लक्ष ठेवायला नको का कुणी? मी बघायला म्हणून गेलो."

"आणि बाटली घेऊन गेलात."

मग ते एकेक बोलत गेले, सभागृह, भाचा, दोनदा झालेला अपमान, मजुराच्या नावावरचं ते सिमकार्ड. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे मला ठाऊक होतं. पंचांसमक्ष त्यांचा फोन जप्त केला. पुसून टाकलेला मूळ फोटो प्रयोगशाळेनं परत काढून दिला आणि मी आरोपपत्र दाखल केलं.

खटला उभा राहण्याआधी समाजातले वडीलधारे मध्ये पडले. गुन्हा आपसात मिटवता येण्यासारखा होता, निर्णय बाईंचा. त्यांनी एकच अट घातली, सगळ्या समाजापुढे लेखी कबुली. सहलप्रमुखांच्या वकिलानं मसुदा आणला. त्यात लिहिलं होतं, सदर भगिनी पूर्णपणे निर्व्यसनी आणि शीलवान असून त्यांच्यावर खोटा आळ आणल्याबद्दल मी क्षमा मागतो.

बाईंनी माझ्या टेबलावरचं पेन उचललं आणि पहिलं अर्धं वाक्य खोडलं. वकील म्हणाले, "अहो, हे तुमच्याच भल्याचं आहे. चारित्र्याचा दाखला आहे हा."

"याचा दाखला मला नको," बाई म्हणाल्या. "आज हा देईल, उद्या काढून घेईल. एवढंच लिहा. मी त्यांना न विचारता त्यांच्या खोलीत गेलो, माझी बाटली तिथे ठेवली, फोटो काढला आणि पसरवला."

त्याच सभागृहात, दोनशे माणसांपुढे, सहलप्रमुखांनी ते वाचलं. मी साध्या कपड्यांत मागे उभा होतो. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी ना रडून दाखवलं, ना हसून.

वर्ग त्यांनी तिथे पुन्हा सुरू केला नाही. म्हैसुरातल्याच विजयनगर भागात एक लहान जागा भाड्यानं घेतली. पुढे वर्ग, मागे राहायची खोली. जुन्या मुलींपैकी निम्म्या आल्या, निम्म्या आल्या नाहीत. दिराचं घर त्यांनी भांडण न करता सोडलं. बाटलीचा उलगडा झाला तरी त्या पितात की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि ते कळायची गरज नव्हती, हे कळायला मला तीस वर्षांची नोकरी लागली.

कारण मी स्वतः काय करत आलो होतो? लॉज तपासायची म्हटलं की मॅनेजरकडून किल्ल्यांचा जुडगा घ्यायचा, दारं उघडत जायचं आणि आतल्या माणसांना आहेत तशी व्हरांड्यात उभी करायची. शंभर खोल्यांत एखादा फरारी सापडायचा. उरलेल्या नव्व्याण्णव दारांचं काय झालं, याची नोंद कोणत्याही स्टेशन डायरीत नसते. आपण गुन्हेगार शोधत असतो, म्हणून आपलं आत शिरणं वेगळं, असं मी मानत होतो. सहलप्रमुखही जबाबदारी म्हणूनच गेले होते.

निवृत्तीआधी माझी बदली हुणसूरकडे झाली. तंबाखूच्या लिलावाचे दिवस होते, गाव व्यापाऱ्यांनी भरलेलं, आणि एका भामट्याच्या शोधात आम्ही सकाळी बसस्टँडजवळच्या लॉजवर गेलो. मॅनेजर जुडगा घेऊन पुढे आला. मी त्याला किल्ल्या टेबलावर ठेवायला सांगितलं. प्रत्येक दारावर टकटक करायची, कोण आहोत ते सांगायचं आणि थांबायचं. बरोबरचे शिपाई एकमेकांकडे बघू लागले. "सार, मागच्या खिडकीतून पळून जाईल," एक जण म्हणाला.

"मग एकानं खिडकीखाली उभं राहा," मी म्हणालो.

तिसऱ्या दारामागे बराच वेळ काही हालचाल नव्हती. मग आतून एका म्हातारीचा आवाज आला, लुगडं नेसते आहे, थांबा. आम्ही थांबलो. बेट्टदपुराहून नवऱ्याला डॉक्टरकडे घेऊन आलेली ती बाई होती. तिनं दार उघडलं तेव्हा पदर नीट होता, कुंकू लावलेलं होतं, आणि खाटेवरचा म्हातारा उशीला टेकून बसता झाला होता. मी नावं विचारली, तिनं सांगितली. आवाजात भीती नव्हती. असं उत्तर मला त्याआधी कुठल्याही लॉजच्या दारात मिळालं नव्हतं.

भामटा त्या दिवशी सापडला नाही. आठ दिवसांनी दुसरीकडे सापडला.