हिच्यापशी जरा बसा

माझे यजमान गेले तेव्हा मी उमापूरजवळच्या एका वस्तीवर बाळांना लस टोचत होते. मी आरोग्यसेविका आहे, गावात सगळे सिस्टर म्हणतात. यजमानांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. त्या दुपारी छातीत दुखतंय म्हणून ते घरी येऊन पडले. शेजारच्या काकूंनी मला फोन लावू का विचारलं, तर नको म्हणाले, तिचं काम अडेल. संध्याकाळी मी दार उघडलं तेव्हा सगळं संपलेलं होतं.

लोकांच्या घरी वेळेवर पोचणारी मी माझ्याच घरी पोचले नाही. ते गेले यापेक्षा एकटे गेले, हे मला जास्त खुपत राहिलं. नोकरी चालू होती, पण तिच्यातला जीव गेला होता. पूर्वी मी प्रत्येक बाळाशी बोलायचे, त्याच्या आईला जेवलीस का विचारायचे. आता सुई टोचायची आणि पुढचं बाळ घ्यायचं. गरोदर बायका मला काही सांगेनाशा झाल्या. आपण अशा नव्हतो हे कळत होतं. पण चांगलं वागायलाही आतून काहीतरी लागतं, तेच उरलं नव्हतं. देवघरात दिवा लावणंही मी सोडून दिलं होतं.

शेवटी माझ्या नणंदेनं हट्टानं मला कपिलधारला नेलं. पाऊस सरत आला होता, धबधबा भरून पडत होता. नणंद तिथल्या संतांच्या समाधीच्या दर्शनाला रांगेत उभी राहिली. मी आत गेलेच नाही. काय मागायचं, आणि कुणाकडे, असं वाटून पायऱ्यांवर बसून राहिले.

थोड्या अंतरावर एक म्हातारी खाली बसली. घामानं चिंब, हात छातीवर. बघताक्षणी मला काय ते कळलं. इतक्या वर्षांची सवय, मी उठायला हवं होतं. पण पाय हलले नाहीत. डोळ्यांसमोर माझंच घर आलं. तेवढ्यात तिचा नवरा, धोतर-टोपीतला वाळकासा म्हातारा, एवढ्या गर्दीतून नेमका माझ्याकडे आला. मी साध्या साडीत होते, मी कोण हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तो म्हणाला, "बाई, हिच्यापशी जरा बसा. मी गाडी बघून येतो." आणि उत्तराची वाट न बघता तो रस्त्याकडे पळाला.

मी उठले. तिचं डोकं मांडीवर घेतलं, कुणालातरी रुग्णवाहिकेला फोन करायला सांगितलं. तिनं माझं बोट घट्ट धरलं आणि विचारलं, "कोण गं तू?" मी म्हटलं, "मी हाय ना आत्याबाई, इथंच हाय." ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिची पकड सैल झाली. मी तिला खाली निजवून छाती दाबत राहिले, दमून माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत दाबत राहिले. रुग्णवाहिका आलीच नाही, आणि म्हातारी परत आली नाही.

म्हातारा एका सीताफळवाल्या मुसलमान भाऊंना त्यांच्या टेम्पोसकट घेऊन आला. माझ्या चेहऱ्यावरून त्याला समजलं. तो तिच्या पायाशी बसला, तिच्या साडीचा पदर नीट केला. मी हात जोडून म्हटलं की मला जमलं नाही. त्यानं तिच्या कपाळावरचा घाम आपल्या टोपीनं पुसला. मग म्हणाला, "मी नव्हतो, पर तुमी होतात. एकली न्हाई गेली ती."

मी तिथेच रडले. यजमान गेल्यापासून इतकी रडले नव्हते. जरा सावरल्यावर त्याला विचारलं, एवढी माणसं सोडून तुम्ही माझ्याकडेच का आलात? तो म्हणाला, "काय म्हाईत, बाई. पाय तिकडंच वळले." सीताफळवाल्या भाऊंनी टेम्पोतल्या सीताफळांच्या पाट्या उतरवून गोणपाट अंथरलं, आम्ही तिला अलगद त्यावर ठेवलं, आणि ते दोघं तिला कडा गावाच्या बाजूला, तिच्या गावी घेऊन गेले. त्यांची नावंही मी विचारली नाहीत.

याला कृपा म्हणायचं की योगायोग, मी कुणाशी वाद घालत नाही. यजमान आणि ती म्हातारी, मी वाचवू शकले नाही ते दोघंही परत येणार नाहीत. दुःखही कमी झालेलं नाही. रात्रीच्या जेवणाला अजूनही कधीकधी दोन ताटं निघतात. पण जीव राखणं माझ्या हातात नाही, कुणाजवळ बसणं आहे, एवढं मला त्या पायऱ्यांवर कुणीतरी दाखवलं. बाकीचं मी देवावर सोपवलं.

पुढच्या लसीकरणाला एक बाळ रडून लालबुंद झालं होतं. मी त्याला खांद्यावर घेऊन फिरवत राहिले. त्याची आई म्हणाली, सिस्टर, आज लई येळ लावला. मी म्हटलं, असू दे, भ्यालंय ते.

घरी येऊन दिवा लावला. हात जोडले, तर मागण्यासारखं एकच सुचलं. देवा, उद्याही मला कुणाच्या तरी जवळ बसव.