जरूर विचार होईल

शपथेवर सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे सलीमचे शब्द खरे. माझ्यावर फार जाऊ नका!

गारखेड्यात दर रविवारी आम्ही तिघं जमतो: मी, सलीम आणि वैशालीताई. मोबाइलवर मराठी लिहायचा एक फुकटचा कीबोर्ड सांभाळतो. लोक नव्या सोयी मागतात, त्या ट्रॅकरवर, म्हणजे सगळ्यांना दिसेल अशा यादीत, येऊन पडतात. मागण्या शंभर, हात सहा. मग नकार लिहावे लागतात आणि नकारांमागं किस्से साठतात.

*

आधी नकार सलीम लिहायचा. "नाय होणार." एकानं विचारलं, "कारण तरी सांगा." सलीमनं लिहिलं, "मूड नाय."

त्याच दिवशी ते खातं ताईंकडे गेलं!

*

ताई शिक्षिका. नापासाच्या प्रगतिपुस्तकावरही "प्रयत्न कौतुकास्पद" लिहिणाऱ्या. त्यांचं ठरलेलं वाक्य: "सूचना मनापासून आवडली. जरूर विचार होईल." आमच्यात त्याचा अर्थ, कधीच नाही.

एकानं उलट लिहिलं, "इतक्या प्रेमानं आमच्या ऑफिसात रजा मंजूरसुद्धा होत नाही!"

*

एका जावयाला सासऱ्यांना रोज सकाळी आपोआप फुलं पाठवणारं बटण हवं होतं. ताईंनी लिहिलं, "फुलं स्वतः पाठवावीत, गोडवा राहतो."

उत्तर आलं, "बायको पण हेच म्हणाली. तुम्ही तिच्या ओळखीच्या का?"

*

ताईंनी स्वतः मोठी अक्षरं मागितली, तेव्हा सलीमनं ऐटीत लिहिलं, "जरूर विचार होईल."

"माझंच वाक्य मलाच?" त्या रविवारी सलीमला चहा मिळाला नाही. पुढच्या रविवारी अक्षरं मोठी!

*

पिशोरच्या अण्णांची मागणी त्यांच्या सूनबाईनं टाइप केली होती. लकव्यानं उजवा हात गेलेला. सगळी अक्षरं डाव्या अंगठ्याखाली येतील असं करा. "मला पोरीला मनातलं लिहायचंय. दुसऱ्याच्या हातून किती लिहिणार?"

ताईंनी नेहमीचं वाक्य लिहिलं.

महिन्याभरानं अण्णा दारात! डाव्या हातात शेंगांची पिशवी. "विचार झाला ना? लई गोड लिहिलं व्हतं. म्हटलं, सोता जाऊन आभार मानावं."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी शेंगांकडे.

सलीम उठला. "अण्णा, बैठो. चहा घ्या. थोडंच बाकी है."

एक ओळही लिहिलेली नव्हती!

अण्णांचे तीन चहा झाले, जेवण झालं, एक झोप झाली. संध्याकाळी सलीमनं आपला फोन त्यांच्या हातात दिला. अण्णांनी एकेक अक्षर शोधत मुलीला लिहिलं, "मी लिहितोय."

उत्तर आलं, "मी म्हणजे कोण?"

अंगठा पुन्हा हलला. "तुझा बाप."

लगेच मुलीचा फोन आला. अण्णांनी कापला. "थांब म्हणावं. अजून लिहायचंय."

यात खोटं एवढंच: अण्णांना ते वाक्य ताईंनी लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं, मागणी पूर्ण न वाचता.